कोणते पवार?

बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या बसस्थानकावर दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आडनाव निघतं. ते ‘पवार’ निघालं, तर खरी गंमत तिथून पुढे. पवार मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. शरद पवार आणि ‘बलुतं’ लिहिणारे दया पवार यांचं आडनाव एकच. मग प्रश्न येतो, ‘कोणते पवार?’ इतकं उघड विचारायला संकोच वाटला तर ‘गाव कोणतं?’, ‘पाहुणे कुठले?’, ‘कुलदैवत कोणतं?’ जातीचं नावही न घेता जात काढायची ही कला कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत, तरी शाळकरी पोरांनाही ती येते!

थक्क करणारी गोष्ट अशी की आडनाव हा मुळात कच्चा पुरावा. जाधव, गायकवाड, चव्हाण, मोरे कितीतरी जातींत सापडतात. परिणाम मात्र पक्का. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापला: दलित वाटणाऱ्या नावांना बोलावणं कमी आलं.

बीड जिल्ह्याने मग थेट आडनावालाच हात घातला. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. आरक्षणावरून आधीच ताणलेलं मराठा-वंजारी वातावरण आणखी पेटलं, पोलीस कुणाच्या बाजूचे याची चर्चा गावोगाव सुरू झाली. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ मध्ये पोलिसांच्या नावाच्या पट्टीवरून आडनावच काढायला लावलं. एकमेकांना हाकही पहिल्या नावानेच मारायची. मला हा निर्णय मनापासून आवडला. त्याने जात जाणार नाही हे उघड आहे, पण विचारणाऱ्याला निदान एक प्रश्न जास्त विचारावा लागतो.

कारण खुणा भरपूर आहेत. नुसता नमस्कार घ्या. ‘राम राम’ कुणीही घालतो. ‘जय भीम’, ‘जय भगवान’, ‘जय मल्हार’, ‘जय सेवालाल’, ‘जय लहुजी’ यांतलं एक कानावर आलं की बौद्ध, वंजारी, धनगर, बंजारा, मातंग असा हिशेब ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप मांडला जातो. हीच अक्षरं जीपच्या मागच्या काचेवर मिरवतात, मोबाइलच्या रिंगटोनमधून वाजतात. आणि जीपवर ती मिरवणाराच शहरात भाड्याची खोली शोधताना साध्या ‘नमस्कारा’वर येऊ शकतो. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. ते शीर्षक आजही जुनं वाटत नाही. एकच ओळख गावात ताकद असते आणि परगावी अडचण.

सरकारने झाकायला घेतलं तरी तीच तऱ्हा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. सुचवलेल्या नव्या नावांत समतानगर होतं, क्रांतीनगर होतं आणि भीमनगरही. पत्त्यातला अपमान गेला, आणि तो जायलाच हवा होता. पण भीमनगरात कोण राहतं हे कुणाला सांगावं लागतं?

जात झाकण्याऐवजी शोधून काढण्याची उलटी धाव गेवराईकरांनी अगदी जवळून पाहिली. शहागडला गोदावरी ओलांडली की थोड्याच अंतरावर अंतरवाली सराटी. २०२३ मध्ये तिथलं मनोज जरांगे यांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण गाजलं आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकाळच्या दप्तरांत इतर मागासवर्गात मोडणाऱ्या कुणबी जातीच्या नोंदी शोधू लागली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने ‘मराठा’ सांगणारी घरं पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिलंय का, हे पाहू लागली.

म्हणजे जात लपवणं जसं आपल्या हातात नाही, तसं सांगणंही नाही. कागदावर ती आपण सांगितली म्हणून कुणी मानत नाही. जात पडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा पुरावा महत्त्वाचा धरतात. तेव्हा घरात कुणी शिकणारं असेल, तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कोणत्या पेटीत आहे, ते आजच बघून ठेवा.