उबेची जबाबदारी

भगवान पार्श्वनाथांच्या मस्तकावरील नागफणा पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना सापाविषयी भीतीपेक्षा कुतूहल अधिक वाटावे, यात नवल नाही. मात्र त्या कुतूहलापोटी एखादा मुलगा ‘आपणही साप पाळू या’ असा हट्ट धरतो, तेव्हा होकार किंवा नकार देण्याआधी त्या जीवाच्या गरजा समजून घेणे इष्ट.

प्रथम कायदा पाहू. नाग, धामण, अजगर यांसारखे देशी साप घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. परदेशी सापांपैकी बहुधा पाळला जातो तो आफ्रिकेतील बॉल पायथॉन. त्याच्याही मालकीची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. कागदपत्रांविना माल न स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता निवाऱ्याविषयी. साप आपल्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. त्याचे पचनसुद्धा बाहेरच्या उबेवर चालते. ऊब कमी पडली की गिळलेले अन्न उलटून पडते, श्वसनाचे विकार जडतात. म्हणून बॉल पायथॉनच्या पेटीची एक बाजू सुमारे ३१-३२ अंश आणि दुसरी २५-२७ अंश ठेवतात. दोन्हीकडे लपण्याची जागा असावी, म्हणजे साप गरजेप्रमाणे सरकत राहतो. उष्णता देणारी चटई थर्मोस्टॅटविना कधीही लावू नये. पोटाखाली भाजत असतानाही साप पुष्कळदा जागचा हलत नाही. त्याचे अंग टेकेल असा उघडा दिवा पेटीत नको. झाकण घट्ट बंद होणारे, पण हवा खेळती ठेवणारे असावे. पिण्याचे पाणी नित्य ताजे हवे.

नागपुरात खरी कसोटी हिवाळ्याची नाही. जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली गेला, तरी ऊब वाढवता येते. मे महिन्यात तो ४५ च्या वर चढतो, तेव्हा पेटीत थंड बाजूच उरत नाही. खिडकीतील उन्हात काचेची पेटी म्हणजे भट्टीच. भर दुपारी वीज गेली, तर खोली थंड ठेवण्याची पर्यायी सोय हवी.

आणि सर्वांत अवघड प्रश्न आहाराचा. या सापाला उंदीरच लागतात. शाकाहारी पर्याय नाही. त्याला उपाशी ठेवणे हिंसा, आणि खाऊ घालणे म्हणजे दुसऱ्या जीवाचा घात. शिवाय तो वीस-तीस वर्षे जगतो. मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला की हा भार कोणावर पडणार? आपल्या घरांनी हा प्रश्न पेटी विकत घेण्याआधी विचारावा, नंतर नव्हे. माझ्या मते त्याचे प्रामाणिक उत्तर नकाराचेच येईल.

पण मुलाचे कुतूहल कोमेजू देऊ नये. पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानात त्याला साप दाखवावेत. इतवारीच्या धान्यगोदामात उंदरांमागे साप आलाच, तर काठी न उचलता सर्वांना दूर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायला शिकवावे. जखमी वन्यजीवांवर उपचार करणारे केंद्र सेमिनरी हिल्स येथे आहे, हेही त्याला ठाऊक असावे.

पेटीतल्या सापाला ऊब देण्यापेक्षा दारी आलेल्या सापाला अभय देणे आपल्या घरांना अधिक शोभते.