बँडसॉच्या पात्याची धार आणि सेट

बँडसॉ या यंत्रात दोन चाकांवरून एक अखंड पोलादी पाते फिरत असते आणि त्याच्या एका कडेचे दात लाकूड कापत टेबलाकडे उतरत जातात. या यंत्राचे पेटंट लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने 1808 मध्ये घेतले. परंतु चाकावर वाकणे आणि पुन्हा सरळ होणे सतत सोसू शकेल असा सांधा त्या काळी जमत नसल्यामुळे पाती तुटत राहिली आणि यंत्र जवळजवळ चार दशके मागे पडले. 1846 मध्ये फ्रान्सच्या आन पोलीन क्रेपँ यांनी सांधणीच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिला सुधारलेल्या पोलादाची जोड दिली, तेव्हा कुठे बँडसॉ कारखान्यांत रुळला. पात्याला येणारा हा थकवा मात्र आजही टळलेला नाही, आणि घरी धार लावताना नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष होते.

हौशी सुतारांमध्ये 14 इंची चाकांचा बँडसॉ विशेष प्रचलित आहे. अमेरिकेतील डेल्टा कंपनीच्या जुन्या रचनेवरून पुढे तैवानमध्ये त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. त्याचे पाते साधारणपणे साडेत्र्याण्णव इंच लांबीचे असते आणि ते मिनिटाला सुमारे 3000 फूट वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला पावणेचारशेहून अधिक फेऱ्या घेते आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकते. अशा पात्यावर इंचाला तीन दात असले तरी एकूण संख्या 280 च्या घरात जाते. घरी धार लावण्याच्या कामात कौशल्यापेक्षा चिकाटीच अधिक लागते, ती या संख्येमुळे.

लाकूड पुढे ढकलायला जोर लागणे, कापलेल्या पृष्ठभागावर जळकट डाग उमटणे आणि काप रेषा सोडून वाकडा जाणे ही बोथट पात्याची लक्षणे होत. तथापि दातांवर डिंक आणि राळ साचली तरीही नेमकी हीच लक्षणे दिसतात, म्हणून कानस हाती घेण्यापूर्वी पाते रॉकेलने पुसून घासावे. कित्येकदा तेवढ्यानेच काम भागते. सागवान कापणाऱ्याला मात्र धार वारंवार लावावी लागते, कारण सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक, असतो आणि तो दातांची टोके झिजवतो.

त्यानंतर पात्याचे पोलाद ओळखावे लागते. कार्बन पोलादाच्या साध्या पात्यांचे दात कानशीला दाद देतात. पण अनेक पात्यांच्या दातांची टोके कारखान्यातच कडक केलेली असतात आणि त्यांच्यावरून कानस नुसती घसरते. ‘बायमेटल’ प्रकारात लवचीक पाठीला अतिकठीण पोलादाची कडा जोडलेली असते. तिथे आणि कार्बाइडच्या दातांवर हिऱ्याची पूड बसवलेले साधनच चालते. एका दातावर कानशीचा कोपरा फिरवून पाहिला की निर्णय होतो.

दात एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे किंचित झुकवणे याला सेट म्हणतात. काही पात्यांत डावा, उजवा आणि मग एक सरळ दात असा क्रम असतो. सेटमुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो, पात्याची पाठ लाकडात अडकत नाही आणि वळणदार रेषा कापता येतात. सेट फार कमी झाला तर पाते घासून तापते. फार जास्त दिला तर काप खडबडीत येतो आणि लाकडाचा भुसाच अधिक होतो. ओल्या लाकडाचे तंतू फुगून कापात दाटतात, म्हणून त्याला सुक्यापेक्षा जास्त सेट लागतो. हाताने सेट देण्यासाठी जी पक्कड मिळते, तिचा दट्ट्या दात ऐरणीसारख्या तिरप्या पृष्ठावर दाबतो. वाकवायचे ते दाताचे टोकाकडचे एक-तृतीयांश. मुळापासून वाकवू पाहिले तर पाते पिळवटते. ज्या दाताचा मूळ कल डावीकडे आहे त्याला डावीकडेच झुकवावे, कारण उलट वाकवलेला दात बहुधा मोडतो, आणि कडक केलेल्या टोकांना सेट देण्याच्या फंदात न पडणेच शहाणपणाचे.

सेट आधी आणि धार नंतर, हा क्रम योग्य, कारण पकडीच्या दाबाने ताजी धार बिघडू शकते. पाते यंत्रावरच ठेवून किंवा वाईसमध्ये दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये घट्ट धरून, पहिल्या दातावर शाईची खूण करून सुरुवात करावी. कानस पात्याशी काटकोनात आडवी धरून दाताच्या पुढच्या बाजूवर प्रत्येक दाताला सारख्याच दाबाने आणि सारख्याच संख्येने फिरवावी. दाताचा मूळचा कोन बदलू नये.

साध्या तिधारी कानशीची तीक्ष्ण कड दोन दातांमधील खोबणीच्या तळाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडते. पाते प्रत्येक वळणावर वाकते तेव्हा सगळा ताण त्या खाचेत एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणूनच बँडसॉसाठी गोलसर कडांची तिधारी कानस वेगळी बनवली जाते. भुसा वाहून नेणे हेही खोबणीचेच काम असल्याने तिची खोली टिकवणे आवश्यक असते. केवळ टोके घासत राहिल्यास दात बुटके आणि खोबणी उथळ होत जाते. विजेवर फिरणाऱ्या छोट्या ग्राइंडरने काम लवकर उरकते, पण टोक निळे पडले तर तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले असे समजावे. साध्या कार्बन पोलादाचे ते टोक मऊ पडलेले असते आणि पुन्हा लवकरच बोथटते. त्यामुळे चाक दाताला निमिषभरच टेकवावे.

पाते चढवण्यापूर्वी हाताने अलगद वाकवून प्रत्येक खोबणी उजेडात तपासावी आणि तडा दिसल्यास पाते सरळ बाद करावे. मग सरळ फळीवर चाचणीचा काप घ्यावा. तो एका बाजूला सरकत असेल, तर त्या बाजूचा सेट अधिक किंवा त्या बाजूचे दात अधिक तीक्ष्ण आहेत. यंत्र थांबवून त्याच बाजूच्या दातांच्या कुशीवरून बारीक तेलाचा दगड हलकेच फिरवावा आणि काप पुन्हा घेऊन पाहावा.