बधिर पायाला टाचेचा आधार : कुष्ठमुक्त व्यक्तींची पादत्राणे आणि टाचगादीमागील शास्त्र

सारांश : कुष्ठरोगाचे जंतू औषधाने नष्ट होतात, परंतु एकदा मृत झालेली तळव्याची संवेदना बहुधा परत येत नाही. अशा बधिर पायाला जखमेपासून वाचविण्याचे मुख्य साधन म्हणजे योग्य पादत्राण होय. या पादत्राणात टाचेखाली बसविली जाणारी गादी दिसायला साधी असली, तरी ती चुकीच्या जागी किंवा चुकीच्या जाडीची बसल्यास अपाय करते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात टाचगादीचे कार्य, प्रकार, बसविण्याची रीत व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कुष्ठरोग, बधिर तळवा, टाचगादी, मायक्रोसेल्युलर रबर, दाब, विकृतिप्रतिबंध.

प्रस्तावना

मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा चंद्रपूर जिल्ह्याचा धानपट्टा आणि त्याला लागून असलेला गडचिरोली जिल्हा यांतील श्रमजीवन पायांवर उभे आहे. पावसाळ्यात बांधीतील चिखलात रोवणी, उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलांची वेचणी, त्यानंतर भर उन्हात तेंदूपत्त्याची तोडणी ही कामे पायी आणि पुष्कळदा अनवाणी केली जातात. ज्याच्या तळव्याला काटा, खडा वा चटका कळतो, तो पाय उचलतो. ज्याला ते कळत नाही, तो त्याच काट्यावर दिवसभर चालत राहतो. कुष्ठरोगाने या भागातील अनेकांना अशा दुसऱ्या वर्गात ढकलले आहे.

विदर्भाला कुष्ठसेवेची मोठी परंपरा लाभली आहे. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये या कार्यास आरंभ केला. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना करून वरोड्याजवळ आनंदवन उभे केले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची स्थापना १९५१ मध्ये वर्धा येथे झाली. पुढे १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि ठरावीक मुदतीच्या उपचाराने रुग्ण जंतुमुक्त होऊ लागला. दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे निर्मूलनाचे उद्दिष्ट भारताने राष्ट्रीय पातळीवर डिसेंबर २००५ मध्ये गाठले. तथापि राष्ट्रीय सरासरीखाली जिल्ह्याजिल्ह्यांतील तफावत झाकली जाते. महाराष्ट्रात अधिक रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांमध्ये चंद्रपूर व गडचिरोली यांचा उल्लेख त्यानंतरही होत राहिला आहे. शिवाय जे बरे झाले त्यांच्या पायांचा प्रश्न रुग्णसंख्येच्या आकड्यात मोजला जात नाही.

जखम का होते?

घोट्याच्या आतील बाजूने तळव्याकडे जाणारी नस कुष्ठरोगात बाधित झाली की तीन गोष्टी घडतात. तळव्याची संवेदना जाते. तळव्यातील लहान स्नायू दुबळे होऊन बोटे वाकडी होतात. आणि घाम येणे थांबल्याने कातडी कोरडी पडून टाचेला भेगा पडतात. पूर्वी पायावरील व्रण हा रोगाचाच भाग मानला जात असे. वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी या समजुतीला छेद दिला. बधिर भागातील मांस आपोआप सडत नाही. वेदनेचा इशारा न मिळाल्याने त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पडणारा दाब ते मांस निकामी करतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. एका अर्थाने हा शोध आशादायक होता. कारण दाब हा माणसाच्या आवाक्यातील विषय आहे.

निरोगी माणूस लांबचे अंतर चालताना नकळत आपली चाल बदलतो. एका जागी कळ येऊ लागली की भार दुसरीकडे सरकवितो. बधिर पायाला ही सोय नसते. सुमारे ६० सेंटिमीटरचे एक पाऊल धरले, तर पाच किलोमीटर चालण्यात प्रत्येक टाच ४,००० हून अधिक वेळा जमिनीवर आदळते. यातील एकही आघात मोठा नसतो. इजा होते ती त्यांच्या सातत्याने.

टाचेची रचना व तिचे वैशिष्ट्य

कुष्ठरोगातील बहुतेक व्रण चवड्याखाली, म्हणजे बोटांच्या मागील उंचवट्यावर होतात. टाचेवरील व्रण तुलनेने कमी असले, तरी अधिक चिवट असतात. टाचेच्या हाडाखाली चरबीची नैसर्गिक गादी असते. तंतुमय पडद्यांनी बनलेल्या लहान लहान कप्प्यांत ही चरबी बंदिस्त असते, म्हणूनच भार पडला तरी ती हाडाखालून निसटत नाही. खोल व्रणाने हे कप्पे एकदा फुटले की पूर्ववत होत नाहीत. तेथे उरतो तो पातळ, ताठर व हाडाला चिकटलेला वण. अशा वणावर चालणे म्हणजे जवळजवळ हाडावर चालणे होय. संसर्ग हाडापर्यंत पोचला तर वारंवार शस्त्रक्रिया आणि क्वचित पाय गमावण्याची वेळ येते. निसर्गाने दिलेली गादी गेली की तिचे काम बाहेरून करावे लागते. टाचगादीचे प्रयोजन हेच आहे.

टाचगादीचे कार्य

दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. समजा, ६० किलोग्रॅमचा भार टाचेच्या ३० चौरस सेंटिमीटर भागावर पडला, तर दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम दाब येतो. कडा उंच असलेल्या वाटीसारख्या गादीने टाचेला सर्व बाजूंनी कवेत घेतले आणि संपर्काचे क्षेत्र ४० चौरस सेंटिमीटर झाले, तर हाच दाब दीड किलोग्रॅमवर येतो. माणसाचे वजन तेवढेच राहते, काम तेच राहते. दाब मात्र एक चतुर्थांशाने घटतो. वाटीचा दुसरा लाभ असा की उरलेली चरबी बाजूला पसरत नाही व हाडाखाली तिची जाडी टिकते.

यासाठी वापरले जाणारे मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजेच प्रचलित भाषेत ‘एमसीआर’, सूक्ष्म बंद पोकळ्यांचे बनलेले असते. त्याचा मृदुपणा शोअर मापनावर सुमारे १५ अंश असावा, असा संकेत आहे. कारागिरासाठी सोपी कसोटी अशी : अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबल्यावर रबराची जाडी निम्मी व्हावी आणि सोडताच ते पूर्ववत व्हावे. साधा स्पंज याहून मऊ लागतो, परंतु भाराखाली पूर्ण चेपला जातो. मग त्याचा असणे-नसणे सारखेच. या मऊ थराखाली काटा व खिळा आत येऊ न देणारा टणक तळ आवश्यक असतो. पादत्राणात खिळे वापरायचे नाहीत, हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो; कारण वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही. बधिर पायातून चप्पल निसटली तरी जाणवत नाही, म्हणून टाचेमागे पट्टाही हवा.

एकच गादी, दोन विरुद्ध परिणाम

टाचेचा दाब वाटून देणे आणि टाच उंच करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. त्यांची गल्लत झाल्यास नुकसान होते. टाच उंच केली की शरीराचा भार पुढे, चवड्याकडे सरकतो. ज्याच्या चवड्याखाली जुना वण आहे आणि घोटा मोकळा आहे, त्याला जाड टाचगादी दिल्यास टाच सुखावते आणि चवडा फुटतो.

याउलट, पोटरीचा स्नायू आखडून घोटा वर वळत नसेल, तर टाच जमिनीला नीट टेकतच नाही व सारा भार चवड्यावर राहतो. अशा पायाला टाचेखाली उंची दिल्यास मधली पोकळी भरून निघते, टाच आपला वाटा उचलू लागते आणि चवड्याचा भार हलका होतो. हे तत्त्व अगदी वेगळ्या क्षेत्रातही आढळते. बर्फाच्छादित डोंगरावर स्की बांधून चढणारे गिर्यारोहक तीव्र चढावर बुटाच्या टाचेखाली लहानसा टेकू उभा करतात. उतारामुळे खाली जाणारी टाच त्यावर विसावते आणि पोटरीवरील ताण कमी होतो. सपाटीवर आल्यावर मात्र तो टेकू पाडून ठेवतात. कारण तेथे तो अडचणच ठरतो. कोणता आधार कोणत्या स्थितीत हवा, हे ठरविणे हाच दोन्हीकडील कौशल्याचा गाभा आहे.

घोट्याचे स्नायू लुळे पडून पाय लोंबत असेल, तर टाचगादी हा उपायच नव्हे. तेथे पाय वर धरणारा पट्टा किंवा स्नायुबंध स्थलांतराची शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो.

बसविण्याची रीत

प्रथम बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करून संवेदना कोठे हरपली आहे हे तपासतात. नंतर पायाचा ठसा घेऊन दाबाच्या जागा व जुने वण यांची नोंद करतात. गादी शक्यतो एमसीआरचा थर व टणक तळ यांच्या मध्ये बसवावी. वर चिकटविलेल्या गादीची कड कातडीला घासते आणि चिकटपट्टी सुटल्यावर गादी सरकते. कडा तासून उतरत्या कराव्यात. उभी पायरी राहता कामा नये. टाचेच्या मध्यभागी वण असल्यास तेथे गादी वाढविण्याऐवजी खालचा थर तेवढ्या जागी कोरून खोलगट करावा व भार सभोवारच्या निरोगी भागावर न्यावा. एका पायाची टाच उंच केली, तर दुसऱ्या पायाच्या उंचीचाही विचार व्हावा.

नवे पादत्राण पहिल्या दिवशी अर्धा ते एक तासच वापरावे. ते काढल्यानंतर तळवा पाहून एखादी जागा लाल आहे काय, आणि हाताची मागील बाजू लावून ती आसपासच्या भागाहून अधिक उष्ण आहे काय, हे तपासावे. रुग्णाचा हातही बधिर असेल तर ही तपासणी घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावी. वेदना नसलेल्या पायात उष्णता हीच धोक्याची खूण असते. यासोबत रोज पाय पाण्यात भिजविणे, कडक झालेली कातडी हळुवार घासणे व तेल लावणे हा नित्यक्रम आवश्यक आहे. उघडी जखम असताना गादीवर विसंबून चालत राहू नये; जखमेला पहिली गरज विश्रांतीची असते.

वनजिल्ह्यांतील अडचणी

राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमांतर्गत बधिर पाय असलेल्या व्यक्तीला वर्षातून दोन एमसीआर जोड देण्याची तरतूद आहे. परंतु तयार मापाचा जोड हातात देणे आणि पायाच्या विकृतीनुसार त्यात फेरबदल करणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या कामासाठी प्रशिक्षित कारागीर व फिजिओथेरपी तंत्रज्ञ लागतो. दुर्गम खेड्यातून त्याच्यापर्यंत पोचण्यात मजुरीचा दिवस बुडतो. बांधीतील चिखलात चिकटविलेले थर सुटतात व पट्टे रुततात. परिणामी ज्या हंगामात पायाला सर्वाधिक संरक्षण हवे, त्याच हंगामात पादत्राण घरी राहते.

दुसरी अडचण सामाजिक आहे. विशिष्ट घडणीची चप्पल पायात दिसताच गाव रोग ओळखतो. बरा झालेला मनुष्य ही ओळख टाळण्यासाठी संरक्षणच सोडून देतो. त्यामुळे बाजारातील सामान्य पादत्राणासारखे बाह्यरूप ही शोभेची बाब राहत नाही. वापर होणार की नाही हे त्यावरच ठरते. बाहेरून नेहमीचे दिसणारे आणि आत टाचगादी सामावलेले पादत्राण या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरते.

निष्कर्ष

टाचगादी हे अल्पखर्चिक साधन आहे. तिचे मोल ती नेमकी बसविण्याच्या ज्ञानात आहे. हे ज्ञान कुष्ठरोगापुरते मर्यादित नाही. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले आणि भारतातील कुष्ठरुग्णांच्या पायांवरून मिळालेला धडा तेथे मधुमेही रुग्णांच्या बधिर पायांसाठीही उपयोगात आला. आज मधुमेह खेड्यापाड्यांतही आढळत असल्याने हा विषय पुन्हा महत्त्वाचा ठरतो. तालुका पातळीवर पादत्राण कारागिरांना प्रशिक्षण, ग्रामीण रुग्णालयात ठरावीक दिवशी पायांची तपासणी व पादत्राण दुरुस्ती, आणि महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून पायांच्या निगेविषयी लोकशिक्षण या तीन गोष्टी उपलब्ध साधनांत शक्य आहेत. औषधाने रोग संपला तरी त्या माणसाला पुढील तीस-चाळीस वर्षे त्याच पायांवर चालायचे असते, याचे भान उपचारव्यवस्थेने व समाजाने ठेवणे अगत्याचे आहे.