पॉवरपिव्हट फॉर शेअरपॉइंट

पॉवरपिव्हट फॉर शेअरपॉइंट ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची माहिती-विश्लेषण प्रणाली असून ती २०१० साली एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ या आवृत्तीबरोबर उपलब्ध झाली. एक्सेलमध्ये केलेले विश्लेषण शेअरपॉइंट या कार्यालयीन सहकार्य-मंचावर ठेवता यावे, सहकाऱ्यांना ते ब्राउझरमध्ये हाताळता यावे आणि त्यातील आकडे ठरलेल्या वेळी आपोआप अद्ययावत व्हावेत, असा तिचा उद्देश होता. संगणक विभागाकडे अहवालाची मागणी न नोंदवता कर्मचाऱ्याने स्वतःच माहिती जमवून तिचे विश्लेषण करण्याच्या पद्धतीस सेल्फ-सर्व्हिस बिझनेस इंटेलिजन्स असे म्हणतात. कर्मचाऱ्याचे हे स्वातंत्र्य आणि संस्थेचे आकड्यांवरील नियंत्रण ही दोन्ही एकाच ठिकाणी सांभाळण्याचा प्रयत्न या प्रणालीत दिसतो.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकापासून मोठ्या संस्था आपली व्यवहारविषयक माहिती डेटा वेअरहाऊसमध्ये एकत्र करू लागल्या. तिच्यावर तज्ज्ञ मंडळी ‘क्यूब’ नावाच्या बहुमितीय रचना उभारत आणि त्यांतून विक्री, खर्च, साठा इत्यादींचे अहवाल निघत. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये पॅनोरमा सॉफ्टवेअर या इस्रायली कंपनीकडून असे तंत्रज्ञान विकत घेतले व १९९८ मध्ये एसक्यूएल सर्व्हर ७.० बरोबर ते बाजारात आणले. पुढे त्यालाच अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस हे नाव मिळाले. पॅनोरमातून मायक्रोसॉफ्टमध्ये आलेले अमीर नेट्झ यांचा नंतर पॉवरपिव्हटच्या घडणीत मोठा वाटा होता.

क्यूब विश्वासार्ह असला तरी त्यात बदल करणे वेळखाऊ असे. एखादे नवे वर्गीकरण हवे झाल्यास मागणी, मंजुरी, बांधणी आणि चाचणी असा लांबचा प्रवास करावा लागे. घाईत असलेला कर्मचारी साहजिकच माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेई आणि आपला हिशोब आपणच मांडी. विक्री विभाग मागणीच्या तारखेवरून महिन्याची उलाढाल काढी, तर लेखा विभाग बिलाच्या तारखेवरून. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असत, पण बैठकीत ते जुळत नसत. विभागाविभागांत विखुरलेल्या अशा खासगी फायलींना या क्षेत्रात ‘स्प्रेडमार्ट’ असे काहीसे कुत्सित नाव पडले. या फायली बंद करण्याचे फतवे निघत, परंतु ज्या गरजेतून त्या जन्मत ती तशीच राही.

शेअरपॉइंटची पहिली आवृत्ती २००१ सालची. दस्तऐवज-संग्रह, परवानग्या आणि फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय यांमुळे ते अनेक कार्यालयांत रुळले. २००७ च्या आवृत्तीत एक्सेल सर्व्हिसेस ही सेवा आली आणि एक्सेलची फाइल ब्राउझरमध्ये पाहता येऊ लागली. पॉवरपिव्हट उभे राहिले ते याच सेवेच्या आधारावर. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘जेमिनी’ या सांकेतिक नावाने प्रकल्पाची घोषणा झाली तेव्हा एक्सेल व शेअरपॉइंट ही त्याची दोन अंगे म्हणून मांडण्यात आली होती.

कार्यपद्धती

कर्मचाऱ्याच्या संगणकावर एक्सेल २०१० साठीचे पॉवरपिव्हट हे पूरक साधन बसवावे लागे. त्याद्वारे एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल, मजकुराच्या फायली अशा निरनिराळ्या ठिकाणांहून तक्ते आणून त्यांच्यात संबंध जोडता येत, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे शोधसूत्र लिहीत बसण्याची गरज उरत नसे. गणितासाठी डॅक्स नावाची नवी सूत्रभाषा होती. तिची सूत्रे वरवर एक्सेलसारखी दिसतात, मात्र त्यांचे उत्तर संदर्भानुसार बदलते. ‘एकूण विक्री’ हे एकच सूत्र पुण्याच्या ओळीत पुण्याची बेरीज देते, तर मार्च महिन्याच्या स्तंभात मार्चची. ही संदर्भाची कल्पना न उमगल्याने नवशिक्याचे सूत्र चुकते, पण उत्तर मात्र दिसायला अगदी योग्य दिसते.

एक्सेलच्या पानावर २००३ च्या आवृत्तीपर्यंत ६५,५३६ आणि २००७ पासून १०,४८,५७६ ओळी मावत. पॉवरपिव्हटमध्ये मात्र कोट्यवधी ओळी हाताळता येत. याचे कारण ‘व्हर्टिपॅक’ हे त्याचे साठवण-यंत्र. ते माहिती ओळीओळीने न साठवता स्तंभास्तंभाने साठवते आणि संगणकाच्या मुख्य स्मृतीत ठेवते. समजा, विक्रीच्या दहा लाख नोंदींत ‘जिल्हा’ हा स्तंभ आहे आणि त्यात महाराष्ट्रातील ३६ जिल्हे येतात. जिल्ह्यांची नावे एका छोट्या कोशात एकदाच लिहिली जातात आणि प्रत्येक नोंदीत केवळ क्रमांक राहतो. ३६ क्रमांकांसाठी सहा बिट पुरतात. त्यामुळे सगळा स्तंभ साधारण साडेसात लाख बाइटांत बसतो, आणि एकच जिल्हा लागोपाठ आलेला असल्यास त्याहूनही कमी जागेत. याउलट प्रत्येक ओळीत वेगळा असणारा बिलक्रमांक किंवा सेकंदापर्यंतची वेळ फारशी आक्रसत नाही. फाइल फुगल्यास असे स्तंभ वगळणे किंवा तारीख व वेळ वेगवेगळ्या स्तंभांत विभागणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

तयार फाइल शेअरपॉइंटच्या संग्रहात चढवली की सर्व्हरचे काम सुरू होई. पाहणाऱ्याने ब्राउझरमध्ये एखादा निवडक बदलला की एक्सेल सर्व्हिसेस ती विचारणा पॉवरपिव्हटच्या सेवेकडे पाठवी. ही सेवा फाइलमधील माहिती अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसच्या एका खास प्रतीत चढवून उत्तर परत करी. पाहणाऱ्याच्या संगणकावर पॉवरपिव्हट असण्याची आवश्यकता नसे. मूळ स्रोतांतील माहिती पुन्हा आणण्याचे वेळापत्रक फाइलचा मालक स्वतः ठरवू शके, परंतु दिवसातून एकदा ही त्याची मर्यादा होती. ‘पॉवरपिव्हट गॅलरी’ या विशेष संग्रहात फायलींच्या पानांची छोटी चित्रे दिसत.

प्रशासकांसाठीचा नियंत्रण-फलक हा या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेला, पण तुलनेने कमी चर्चिलेला भाग होय. कोणती फाइल किती जण उघडतात, किती वेळा विचारणा होते, सर्व्हरची किती स्मृती खर्ची पडते हे त्यावर काळानुरूप दिसे. एका कर्मचाऱ्याने सोयीसाठी केलेली फाइल शंभर जण रोज पाहू लागले आहेत हे संगणक विभागाच्या ध्यानात येई आणि मग तिच्यातील सूत्रे तपासून तिचे रूपांतर अधिकृत प्रतिमानात करायचे की कसे, हे ठरवता येई. वापर आधी, मान्यता मागाहून, असा हा क्रम होता. क्यूबच्या काळातील क्रम याच्या नेमका उलट होता.

मर्यादा आणि टीका

उभारणी सोपी नव्हती. शेअरपॉइंटची एंटरप्राइझ आवृत्ती, एसक्यूएल सर्व्हर आणि एक्सेल या तिन्हींच्या जुळत्या आवृत्त्या लागत. वापरकर्त्याची ओळख एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सुरक्षितपणे पोहोचवणे हे प्रशासकांचे नित्याचे दुखणे होते. शेअरपॉइंट २०१० मध्ये फाइल चढवण्याची मूळ मर्यादा ५० मेगाबाइट असे. ती वाढवता आली तरी दोन गिगाबाइटच्या पलीकडे जाता येत नसे.

सुरक्षेचा प्रश्न अधिक मूलभूत होता. परवानगी संपूर्ण फाइलला मिळे, तिच्यातील निवडक ओळींना नव्हे. विभागीय व्यवस्थापकाला केवळ आपल्या विभागाची वेतनविषयक माहिती दिसावी अशी अपेक्षा असेल, तर एकाच फाइलमधून ते साधत नसे. फाइल उतरवून घेणाऱ्याच्या हाती सारांशच नव्हे, तर आत साठवलेली सगळी मूळ माहिती पडे. ‘केवळ पाहण्याची’ परवानगी देऊन उतरवणे रोखता येई, पण ते आवर्जून करावे लागे.

अचूकतेची हमी तर कोणतेच व्यासपीठ देत नाही. याचे गाजलेले उदाहरण पॉवरपिव्हटचे नाही, साध्या एक्सेलचे आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय कर्ज व आर्थिक वाढीविषयीच्या २०१० च्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. थॉमस हर्न्डन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला मूळ फाइल मिळाली तेव्हा, २०१३ मध्ये, ही चूक उघडकीस आली. निबंधाचे निष्कर्ष तोवर काटकसरीच्या धोरणाचे समर्थन म्हणून अनेकदा उद्धृत झाले होते. छापील निष्कर्षावरून जे कळणे शक्य नव्हते, ते सूत्र उघडून पाहताच कळले. ब्राउझरमधील देखण्या आलेखांबाबतही हीच अडचण येते, कारण पाहणाऱ्याला उत्तर दिसते, पण त्यामागील गणित सहसा दिसत नाही.

उत्तरकाळ

२०१२ च्या एसक्यूएल सर्व्हरबरोबर ‘पॉवर व्ह्यू’ हे चित्ररूप अहवालांचे साधन शेअरपॉइंटमध्ये आले. ते सिल्व्हरलाइट या तंत्रज्ञानावर बेतलेले होते आणि तेच पुढे त्याच्या मुळावर आले. ब्राउझरांनी सिल्व्हरलाइटची साथ सोडत नेली व १२ ऑक्टोबर २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टनेही त्याचे साहाय्य थांबवले. शेअरपॉइंट २०१६ मधून एक्सेल सर्व्हिसेस वगळून तिचे काम ऑफिस ऑनलाइन सर्व्हरकडे देण्यात आले. शेअरपॉइंट २०१९ मध्ये पॉवरपिव्हट गॅलरी आणि वेळापत्रकानुसार अद्ययावत करण्याची सोय या दोन्ही राहिल्या नाहीत.

दरम्यान कंपनीने आपला भर क्लाउडकडे वळवला होता. ‘पॉवर बीआय फॉर ऑफिस ३६५’ ही २०१४ ची सेवा अजून शेअरपॉइंट ऑनलाइनवरच आधारलेली होती. जुलै २०१५ मध्ये आलेली पॉवर बीआय मात्र स्वतंत्र सेवा म्हणून उभी राहिली. तिच्यात व्हर्टिपॅक आणि डॅक्स तसेच राहिले, ओळनिहाय परवानगीची सोय आली आणि माहितीची रचना अहवालापासून वेगळी ठेवता आल्याने एकाच तपासलेल्या संचावर अनेकांना आपापले अहवाल बांधता येऊ लागले. संस्थेने पारखलेल्या संचांवर ‘प्रमाणित’ अशी खूणही करता येते. आता हे अहवाल शेअरपॉइंटच्या पानांवर आणि टीम्समधील संभाषणांत बसवले जातात. माहिती मात्र तेथे साठवली जात नाही. ती पॉवर बीआयच्या सेवेत राहते आणि सहकार्य-मंचावर तिची केवळ खिडकी उघडते. अहवालातील आकडे एक्सेलमध्ये उतरवून घेण्याचे बटण तेथेही आहे, आणि ते कोणाला दिसावे हे ठरवण्याचा अधिकार संस्थेच्या प्रशासकाकडे असतो.