मावशी, मामा, सिस्टर, केअरटेकर : घरी येणाऱ्या मदतनिसाचे नेमके काम काय?

आजोबांना पक्षाघात झाला किंवा आजीच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, की डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांचा पहिला प्रश्न औषधांबद्दल नसतो. "डॉक्टर, एखादी बाई मिळेल का?" असा असतो.

या 'बाई'ला रुग्णालयात आया किंवा मावशी म्हणतात. पुरुष असेल तर मामा, वॉर्डबॉय. ब्यूरोच्या पावतीवर ती 'अटेंडंट' किंवा 'केअरटेकर' होते आणि घरी आली की पुष्कळदा 'सिस्टर'. कौशल्य विकासाचा अभ्यासक्रम केला असेल, तर प्रमाणपत्रावर 'जनरल ड्यूटी असिस्टंट' (जीडीए). कॅनडात याच कामाला पर्सनल सपोर्ट वर्कर म्हणतात. काम तेच: अंघोळ, शौच, कपडे, जेवण, कूस बदलणे, जे रुग्णाला स्वतःला जमत नाही ते करून देणे.

नावांचा हा गोंधळ निरुपद्रवी नाही. 'सिस्टर' म्हटले की घरचे इन्सुलिनची सुई तिच्या हाती देऊन मोकळे होतात. परिचारिकेचे शिक्षण वेगळे असते. एएनएमला दोन वर्षे, जीएनएमला तीन वर्षे आणि त्यानंतर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. म्हणून येणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण काय, हे पहिल्याच दिवशी विचारा. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर बदलणे, नाकातून नळी घालणे ही मदतनिसाची कामे नाहीत. ती नाही म्हणाली, तर तिचे बरोबर आहे.

मग तिचे महत्त्व कशात? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ रोज कोण पाहते, याचा विचार करा. एकाच कुशीवर फार वेळ राहिल्यास हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि बेडसोर सुरू होतो. माकडहाडाची जागा, टाचा आणि खुबे आधी धरतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. सुरुवातीला फक्त लाली दिसते, बोटाने दाबूनही न जाणारी (सावळ्या त्वचेवर ती गडद डागासारखी दिसते). याच टप्प्यावर लक्ष गेले तर जखम टळते, नाहीतर महिनोन्महिने ड्रेसिंग. अंग पुसताना हे आधी दिसते ते तिला, मला नाही. भरवतानाही तसेच. पक्षाघातानंतर गिळणे बिघडलेले असेल आणि घासागणिक खोकला येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बसवून, लहान घास देऊन, आधीचा घास गिळल्याची खात्री करून भरवणे हे चिकाटीचे काम आहे. घाईत असलेल्या मुला-सुनेला ते बहुधा जमत नाही, हे स्पष्टच सांगतो.

'चोवीस तासांची बाई' ठेवली असेल, तर हिशेब करून पाहा. रात्री दर दोन तासांनी उठणारी व्यक्ती दिवसभर कशी जागी राहील? शक्य असल्यास बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या ठेवा. नसेल परवडत, तर रात्रीच्या एक-दोन वेळा घरच्यांनी वाटून घ्या. साठ-सत्तर किलोचा माणूस तिला एकटीला उचलायला लावू नका. दोघांनी आडव्या चादरीने सरकवा. हातमोजे तुम्ही आणून द्या. रुग्ण झोपला म्हणून तिला भांड्यांना लावू नका. आणि तिला नावाने हाक मारा.

एक साधी वही करा. खाणे, लघवी, शौच, ताप आणि त्वचेवरची लाली तिने किंवा तिला विचारून तुम्ही त्यात लिहा. तपासणीला येताना वही आणा आणि जमल्यास तिलाही. माझे निम्मे प्रश्न तिलाच असतात.