डोंगर आणि दोन खाचा

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात खादीवर लाकडी ठशांनी नैसर्गिक रंगांची छपाई होते. ते काम जवळून पाहणाऱ्याला जपानी ठशांची टपालकार्डाएवढी डोंगरचित्रे सख्खी वाटतील. पण दोन्हींत एक फरक आहे आणि माझ्या मते जपानी डोंगर त्या फरकावरच उभा आहे. आपल्याकडे ठसा कापडाकडे जातो. रंगाच्या गादीवर टेकवला की त्याच्या सगळ्या उठावांना सारखा रंग लागतो. मग कापडावर ठेवून वरून मुठीचा ठोका. जपानमध्ये चेरीच्या लाकडाची फळी जागची हलत नाही. कागद तिच्यावर अंथरून पाठीमागून ‘बारेन’ नावाच्या चपट्या चकतीने घासतात. फळी उताणी असल्याने तिच्यावर ब्रशने रंग चढवता येतो, ओल्या लाकडाच्या एका कडेला गडद आणि पुढे विरत जाणारा. पायथ्याचे धुके असे येते. तिथे कोरलेली रेषा एकही नसते. प्रत्येक रंगाची फळी वेगळी, पण सगळ्यांच्या कडेला त्याच जागी दोन खाचा, ‘केंतो’. कागद त्यांत टेकला की दहावा रंगही पहिल्यावर नेमका बसतो.

ठसे जुळवणे आपल्याकडेही आहेच, असे कोणी म्हणेल. आहे, आणि ते नजरेने साधणारा हात थोर आहे. पण तो हात नक्षी पुढे पुढे नेतो, तर केंतो त्याच जागी पुन्हा परतायला लावतो. डोंगराची खोली या परतण्यातून येते. जपानी चित्रकार योशिदा हिरोशी यांनी 1925 मध्ये त्याच फळ्यांवर रंग बदलून मॅटरहॉर्न हा डोंगर दिवसाचा आणि रात्रीचाही छापला. पुढे भारतात येऊन त्यांनी कांचनगंगा आणि अजिंठाही ठशांत आणले. दुसरा आक्षेप आकाराचा: छोटी चित्रे म्हणजे प्रवाशांना विकायचा किरकोळ माल. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने ती विकण्यासाठीच काढली, हे खरे. पण दोन बोटांच्या आकाशात निळा रंग पुरता विरवायचा, तर ब्रशला चूक झाकायला जागाच उरत नाही. लहान आकारात कारागिराची परीक्षा अधिक कडक होते.

वर्ध्यात ही विरत जाणारी छटा कापडावर साधणे अवघड आहे, कारण तुरटीसारख्या द्रव्याने छापलेल्या नक्षीचा खरा रंग पुढे रंगाच्या कढईत उमटतो; छापताना छटा डोळ्यांना दिसत नाही. कागदावर ती अडचण नाही, आणि हातकागदाचे काम गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाच्या काळापासून, हे संग्रहालय जिथे आहे त्या मगनवाडीच्या ओळखीचे आहे. सुरुवात वर्धा जिल्ह्यातल्याच बोरच्या एखाद्या टेकडीपासून, दोनच फळ्यांवर करता येईल.