कमी खर्चाचा खेळ, पण वाट ठाऊक हवी

अमरावती, प्रतिनिधी - मुलाला खेळाडू करायचे म्हटले की शहरातील पालकांपुढे अकादमीचे शुल्क, साहित्य आणि प्रवास यांचा हिशेब उभा राहतो. रिद्धपूरसारख्या गावातील पालक तर हा विचार बहुधा तेथेच सोडून देतात. प्रत्यक्षात स्पर्धात्मक खेळाची सर्वांत स्वस्त वाट मुलाच्या शाळेतूनच निघते.

राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयातर्फे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत शालेय स्पर्धा घेतल्या जातात. रिद्धपूरचा संघ आधी मोर्शी तालुक्यात खेळतो; जिंकत गेल्यास जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्रीय पातळी गाठता येते. मात्र नोंदणी शाळेनेच करावयाची असते. मुदत टळली तर गुणी खेळाडूचेही वर्ष वाया जाते आणि वयोगट ओलांडल्यावर ती संधी परत येत नाही. म्हणूनच शाळा सुरू होताच क्रीडाशिक्षकांकडे चौकशी करणे पालकांच्या हिताचे आहे.

खेळाची निवडही खर्च ठरविते. खो-खोला दोन खांब आणि २७ बाय १६ मीटरची मोकळी जागा पुरते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. कबड्डीची परंपरा तर अमरावतीच्या घरचीच. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिची प्रात्यक्षिके दाखविली होती.

विशेष गुणवत्ता दिसल्यास शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीचा पर्याय आहे. अकोल्याची प्रबोधिनी मुष्टियुद्धासाठी ओळखली जाते. निवड चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांसाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जातात. नावात ‘राष्ट्रीय’ असले म्हणून प्रत्येक खासगी स्पर्धा त्यात बसत नाही. तेव्हा प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी स्पर्धेची मान्यता तपासून घेतल्यास पैसा आणि मुलाची उमेद, दोन्ही वाचतील.